दुरुस्त होऊन आलेल्या राउटरचा मूळ मॅक परत बसवताना : कामाच्या नोंदी

राउटर टीपी-लिंक टीएल-डब्ल्यूआर८४१एन, आवृत्ती ९, दोन नग. जागा सोलापुरातली मामांची अभ्यासिका. तळमजल्यावर ऑफिस, वर स्पर्धा परीक्षेच्या मुलांची बसायची खोली. खालचा राउटर केबलवाल्याच्या लाइनवर आहे. वरचा त्याच्याच लॅन पोर्टातून केबल घेऊन नुसता अॅक्सेस पॉइंट म्हणून चालतो. फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, कंपनीचंच. ओपनडब्ल्यूआरटी या पर्यायी मोफत फर्मवेअरचा विचार सोडून दिला, कारण ४ एमबी फ्लॅश (फर्मवेअर साठवणारी चिप) आणि ३२ एमबी रॅमवर त्याच्या आताच्या आवृत्त्या चालत नाहीत.

मॅक म्हणजे प्रत्येक नेटवर्क यंत्राला कारखान्यात दिलेला सहा जोडांचा पत्ता. खाली दिलेल्या चिपमधल्या जागा हेक्समध्ये (० ते ९ आणि ए ते एफ अशा सोळा अंकांत) आहेत आणि याच मॉडेलच्या आहेत. तुमचं मॉडेल वेगळं असेल तर पद्धत घ्या, आकडे घेऊ नका.

१२ मे, रविवार

वळवाच्या पावसात लाइट सारखी ये-जा करत होती, त्या रात्री दोन्ही राउटर बसले. मामांनी ते दुरुस्तीला टाकले आणि काल परत आणले. प्रत्येकी ४०० रुपये. बिलावर ‘फ्लॅश चिप बदलली’ एवढंच लिहिलंय.

एकेकटा लावला तर दोन्ही व्यवस्थित चालतात. एकमेकांना जोडले की वरच्या खोलीत मोबाइलवर ‘जोडले आहे, इंटरनेट नाही’. खाली मात्र सगळं सुरळीत. मामांचं ठाम मत, की केबल उंदराने कुरतडली. केबल बदलली, फरक शून्य. वरच्याचा आयपी १९२.१६८.०.२ आहे, डीएचसीपी (आयपी वाटायचं काम) बंद आहे. मोबाइलला खालच्या राउटरकडून आयपी मिळतो, गेटवेही (बाहेर जायचा रस्ता, म्हणजे खालचा राउटर) बरोबर दिसतो. पिंगला मात्र उत्तर नाही.

शेवटी दोन्ही राउटर फॅक्टरी रीसेट केले आणि तिथे उलगडा झाला. या मॉडेलच्या वायफायचं मूळ नाव ‘टीपी-लिंक’ आणि पुढे मॅकची शेवटची चार अक्षरं असं असतं. दोन्ही राउटर एकच नाव दाखवायला लागले. एकेकाचं स्टेटसचं पान उघडून लॅनचा मॅक वहीत उतरवला : सी४:६ई:१एफ आणि पुढचे तीन जोडही तंतोतंत तेच. आता दोन्ही उलटे करून लेबलं बघा. एकावर १४:सीसी:२० ने सुरू होणारा पत्ता आहे, दुसऱ्यावर ई८:९४:एफ६. म्हणजे दोघांनाही कुठल्या तरी तिसऱ्याच राउटरचा पत्ता लागलाय.

वर नेट का बंद, हे आता सरळ आहे. वरचा मोबाइल गेटवेसाठी पॅकेट पाठवतो ते खालच्या राउटरच्या मॅकवर. तोच मॅक वरच्या राउटरचाही असल्यामुळे तो ते पॅकेट आपलंच समजून ठेवून घेतो, खाली जाऊच देत नाही. एका वर्गात एकाच नावाची दोन पोरं असावीत आणि हजेरीला पुढच्या बाकावरच्याने दोघांची ‘हजर’ देऊन टाकावी, तसं झालंय. आयपी तेवढा मिळतो, कारण त्याची मागणी सगळ्यांसाठी मोठ्याने पुकारली जाते, एका मॅकच्या नावावर जात नाही.

लेबलावरचा आठ आकडी पिनही वायफायचा पासवर्ड म्हणून चालेना. पिनदेखील त्या तिसऱ्याचाच आला असणार.

१३ मे, सोमवार

सेटिंगमध्ये ‘मॅक क्लोन’चं पान आहे, त्यावरून काम भागेल असं बऱ्याच जणांना वाटतं. भागत नाही. त्या पानावरून बदलतो तो फक्त वॅनचा, म्हणजे केबलवाल्याला दिसणारा मॅक. लॅनचा आणि वायफायचा मॅक जिथल्या तिथे राहतो आणि आमची अडचण नेमकी त्या दोनांची आहे. शिवाय रीसेट मारला की क्लोन पुसलं जातं. तरीही खालच्यावर करून पाहिलं. वर नेट नाहीच.

संध्याकाळी दुकानात गेले. त्यांनी काही लपवलं नाही. “ताई, या मॉडेलची आपल्याकडं एकच फाइल आहे. चिप नवीन बसवायची, फाइल मारायची, चालू करून द्यायचं. आजपर्यंत कुणाची तक्रार आली नाही की.”

तक्रार येणार कशी? घरोघरी एकेकच राउटर असतो. एकाच मॅकचे दोन राउटर दोन वेगळ्या नेटवर्कांत असतील तर कुणाला पत्ताही लागत नाही. एका छताखाली आले तरच भांडण.

जुन्या चिपा आहेत का, विचारलं. हे विचारायला सुचलं ते बरं झालं. काढलेल्या चिपा ते वहीच्या कागदावर सेलोटेपने चिकटवतात आणि खाली तारीख व गिऱ्हाइकाचं नाव लिहितात. आमच्या दोन्ही होत्या. कागद फाडून हातात दिला, पैसे घेतले नाहीत. तुम्ही कुठेही फ्लॅश बदलून घेत असाल तर जुनी चिप मागून घ्या. आठ पायांची, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी वस्तू आहे. ती एकदा केरात गेली की मूळ माहिती जशीच्या तशी परत मिळायची दुसरी वाट नाही.

१५ मे, बुधवार

सीएच३४१ए प्रोग्रॅमर (यूएसबीवरून चिप वाचायचं-लिहायचं साधन) मागवला होता, तो आला. क्लिपसकट ४८० रुपये.

वापरण्याआधी मल्टिमीटर लावला. काळ्या पाटीच्या प्रोग्रॅमरबद्दल जे ऐकलं होतं ते खरं निघालं. चिपच्या पुरवठ्याच्या पायावर ३.३ व्होल्ट आहेत, पण डेटाच्या पायांवर ५ च्या आसपास. आपली फ्लॅश ३.३ व्होल्टची. पुष्कळ लोक तसंच वापरतात आणि चिपा सहन करतात. पण ज्या जुन्या चिपेत एकमेव प्रत आहे तिच्यावर हा प्रयोग करायचा नव्हता. प्रोग्रॅमरच्या मुख्य आयसीचा २८ वा पाय पाटीवरून उचलला, त्याला रेग्युलेटरमधून ३.३ व्होल्ट दिले आणि ९ वा पायही त्यालाच जोडला. पाय अगदी बारीक आहेत. सुईने उचलावे लागतात आणि एका वेळी एकच उचलला जाईल याची शाश्वती नसते. यात सगळी संध्याकाळ गेली. आता सगळीकडे ३.३.

मग दुकानाने बसवलेली चिप बोर्डावर असतानाच क्लिपने वाचायला घेतली. ओळख बरोबर येते : ईएफ ४० १६, म्हणजे विनबाँडची ३२ मेगाबिट, आपल्या भाषेत ४ एमबी. पण लागोपाठ वाचलेल्या फायलींचे चेकसम (मजकुरावरून काढलेले पडताळणीचे आकडे) जुळत नाहीत. क्लिप पुसली, दाबून धरली, यूएसबी पोर्ट बदललं, काही उपयोग नाही. कारण असं, की क्लिपमधून जाणारी वीज नुसत्या चिपला न मिळता सगळ्या बोर्डाला मिळते. मग प्रोसेसर अर्धवट जागा होतो आणि तोही त्याच चिपशी बोलायला लागतो. एका वहीत दोघं एकदम लिहायला बसले की कुणाचंच अक्षर लागत नाही. क्लिपचे पैसे वाया. चिप काढूनच वाचायची.

न काढता करायचा दुसरा मार्गही आहे. बोर्डावरच्या सिरियल पोर्टला ३.३ व्होल्टचा यूएसबी-टीटीएल अडॅप्टर जोडायचा, वेग ११५२०० ठेवायचा, बूट होताना ‘टीपीएल’ टाइप करून बूटलोडर (फर्मवेअर सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम) अडवायचा आणि तिथूनच पत्ता लिहायचा. हा रस्ता मी घेतला नाही. सहा बाइट बदलायला तिथे ६४ केबीचा अख्खा तुकडा पुसून परत लिहावा लागतो आणि तो तुकडा बूटलोडरच्याच हिश्श्यातला आहे. मधेच लाइट गेली तर राउटर मुका. गेल्या आठवड्यातली लाइट बघता नकोच.

१८ मे, शनिवार

आज जुन्या चिपा वाचल्या. आठ पायांचा अडॅप्टर ६० रुपयांना मिळतो. त्यावर चिप सोल्डर केली की क्लिपची कटकट संपली.

वरच्या राउटरची चिप : ओळख सी८ ४० १६, गीगाडिव्हाइस कंपनीची. पुन्हा वाचली, चेकसम तोच. फाइल हेक्स एडिटरमध्ये उघडली आणि या जागा पाहिल्या :

१एफसी०० वर सहा बाइट, हा मॅक. १४ सीसी २० आणि पुढचे तीन, लेबलाशी जुळले.
१एफडी०० वर ०८ ४१ ०० ०९. हे मॉडेल आणि आवृत्ती, ८४१ ची ९.
१एफई०० वर आठ बाइट, सगळे ३० ते ३९ मधले. हा पिन, आकड्यांच्या आस्की रूपात. प्रत्येक बाइटातला पुढचा ३ सोडला की लेबलावरचा पिन वाचता येतो.
३एफ०००० पासून शेवटपर्यंतचे ६४ केबी म्हणजे आर्टचा भाग, त्या एका बोर्डाच्या रेडिओचं मोजमाप. कारखान्यात प्रत्येक बोर्ड वेगळा मोजून हे लिहिलेलं असतं. खरी माहिती ३एफ१००० पासून सुरू होते. इथेही शाबूत.

बूटलोडर शाबूत, आर्ट शाबूत, मॅक शाबूत. कचरा झालाय तो मधल्या फर्मवेअरमध्ये. तिथे मोठा पट्टा नुसता एफएफने भरलाय.

म्हणजे ही चिप बदलायची गरजच नव्हती. रीसेटचं बटण दाबून टीएफटीपीने (लॅन केबलवरून फाइल पाठवायच्या साध्या पद्धतीने) फर्मवेअर चढवलं असतं तर राउटर जागा झाला असता, तेही पेच न खोलता. राग आला खरा. पण दुकानात रोज वीस वस्तू येतात, तिथे सगळ्यांत झटपट होणारं काम तेच करणार.

खालच्या राउटरची चिप : ओळख एफएफ एफएफ एफएफ. काहीच उत्तर नाही. भिंगाखाली पाहिलं तर पाठीवर बारीक फोड आलेली आहे. ही मेली. हिच्या आर्टला रामराम.

१९ मे, रविवार

वरच्या राउटरवरून दुकानाची चिप काढली आणि त्याची स्वतःची जुनी बसवली. हॉट एअर (सोल्डर वितळवणारा गरम हवेचा झोत) वापरताना पंखा बंद ठेवावा लागतो, नाहीतर तापमान टिकत नाही. सोलापुरात मे महिन्यात दुपारी हे काम करू नका, रात्री अकरानंतर करा. घामाचा थेंब बोर्डावर पडला की आणखी दोन कामं वाढतात. पहिल्या पायाचा ठिपका कुठल्या बाजूला होता त्याचा फोटो काढून ठेवा. शेजारचे बारीक कपॅसिटर उडू नयेत म्हणून त्यांच्यावर उष्णता सोसणारी कॅप्टॉन टेप लावली.

मग टीएफटीपी. लॅपटॉपला आयपी १९२.१६८.०.६६ दिला. कंपनीच्या फर्मवेअरच्या फाइलला ‘डब्ल्यूआर८४१एनव्ही९_टीपी_रिकव्हरी.बिन’ हे नाव दिलं, सगळी अक्षरं छोटी, इंग्रजीत. सर्व्हर चालू केला, फायरवॉल बंद केली, रीसेट दाबून धरून राउटर चालू केला. काहीच झालं नाही. कारण राउटर चालू होताच पहिल्या काही सेकंदांत फाइल मागतो, तेवढ्यात लॅपटॉपचं लॅन कार्ड जागं होत नाही. मधे एक साधा पाच पोर्टांचा स्विच घातला. आता लॅपटॉपची जोडणी कायम चालू राहते, आणि फाइल लगेच गेली.

फायलीबद्दल एक महत्त्वाचं. कंपनीच्या फाइलच्या मूळ नावात ‘बूट’ शब्द असेल तर तिच्यात बूटलोडरही आहे. तिचे सुरुवातीचे १,३१,५८४ बाइट, म्हणजे ५१२ बाइटचे २५७ तुकडे, कापून उरलेली फाइलच पाठवायची. माझ्या फाइलच्या नावात होता, म्हणून कापले.

राउटर आपोआप रीस्टार्ट झाला. स्टेटसच्या पानावर लॅनचा मॅक लेबलाप्रमाणे, वायफायचाही तोच, वॅनचा त्याच्यापुढचा एक. या मॉडेलचा क्रम असाच आहे. लेबलावरचा पिन टाकला, वायफाय जोडलं गेलं. इथे हेक्स एडिटरने एकही बाइट बदलावा लागला नाही.

दोन्ही राउटर जोडले. वर नेट आलं. खरं तर एकाचा पत्ता बदलला तेव्हाच भांडण मिटलं. मामा म्हणाले, “झालं की आता, राहू दे खालचं.” पण खालच्यावर अजून कुणाचा तरी उसना पत्ता आहे. तीच फाइल मारलेला आणखी एक राउटर याच केबलवाल्याच्या लाइनवर आला तर हाच तमाशा त्याच्या बाजूने सुरू होईल, आणि तेव्हा तो शोधायला कुणाला सापडणार नाही.

२१ मे, मंगळवार

खालच्याची अडचण वेगळी. चिप मेलेली, आणि लेबल खिडकीतल्या उन्हाने उडालेलं. ई८:९४:एफ६ नंतरचा चौथा जोड कसाबसा वाचता येतो, पाचव्यातलं एक अक्षर दिसतं, सहावा गेला. पिनचे आकडे मात्र शाबूत. खोका मामींनी केव्हाच रद्दीत दिलाय.

मनाने काहीतरी भरून द्यायचं नाही. मनाने भरायचाच झाला तर पहिला बाइट सम असावा लागतो, विषम असला तर तो पत्ता एका यंत्राचा राहत नाही, समूहाचा होतो आणि राउटर धड चालत नाही. पण मुळात उत्तर दुसरीकडे होतं.

आपल्याकडचे केबलवाले मॅक बाइंड करतात, दुसरा राउटर लावला की फोन करून ‘मॅक रिलीज करा’ म्हणावं लागतं. एरवी वैताग आणणारी ही गोष्ट आज कामी आली. त्यांच्या ऑफिसात जाऊन मामांच्या खात्यावर दुरुस्तीआधी कुठला मॅक होता ते विचारलं. तिथल्या मुलाने जुनी नोंद काढून दिली. पहिले तीन जोड ई८:९४:एफ६, चौथा लेबलाशी जुळला, पाचव्यातलं दिसणारं अक्षरही जुळलं. शेवटचा जोड ए०.

हा झाला वॅनचा मॅक. लॅनचा, म्हणजे लेबलावरचा, त्याच्याआधीचा एक. हेक्समध्ये ए० मधून एक वजा केला की ९९ येत नाही, ९एफ येतो. चिपमध्ये लिहायचा तो हाच. ए० लिहिला असता तर वॅन ए१ झाला असता आणि केबलवाल्याकडे पुन्हा बाइंडिंगचं नाटक.

२३ मे, गुरुवार

खालच्याची, म्हणजे दुकानाने बसवलेली चिप काढली, अडॅप्टरवर वाचली. फाइलची मूळ प्रत बाजूला ठेवून दुसऱ्या प्रतीत बदल केले. १एफसी०० वर सहा बाइट मॅकचे. १एफई०० वर आठ बाइट पिनचे. मॉडेलच्या जागेला हात लावला नाही, तिथे ०८ ४१ ०० ०९ बरोबरच आहे. एडिटरमध्ये ‘वर लिहा’ हीच पद्धत निवडलेली पाहिजे. ‘मधे घाला’ निवडलं तर पुढचं सगळं सरकतं आणि फाइल ४१,९४,३०४ बाइटची राहत नाही. जतन केल्यावर आकार बघायचाच.

आर्टमध्येही मॅकसाठी सहा बाइटची एक जागा असते, ३एफ१००२ वर. तिथे ००:०३:७एफ ने सुरू होणारा, चिप बनवणाऱ्या अथेरॉस कंपनीचा भरणीचा पत्ता होता. कंपनीचं फर्मवेअर वायफायचा मॅक बूटलोडरच्या हिश्श्यातून घेतं, म्हणून तो तसाच ठेवला.

पुसली, लिहिली, पडताळली, बोर्डावर बसवली. चालू केल्यावर लॅन ९एफ, वॅन ए०. केबलवाल्याला फोन करून जुना मॅक परत बाइंड करायला सांगितलं. दहा मिनिटांत नेट.

९ जून, रविवार

मुलांची गर्दी असताना दोन आठवडे चालवून पाहिलं. तक्रार नाही.

आर्टने फरक पडतो का, यासाठी वरच्या खोलीत शेवटच्या टेबलावर मोबाइलचं सिग्नलचं अॅप लावून आकडे घेतले होते. परक्या आर्टवर उणे ७० डीबीएमच्या आसपास, स्वतःच्या आर्टवर उणे ६५ (शून्याच्या जितकं जवळ तितका सिग्नल जोरदार). मोबाइल हातात फिरवला तरी तीन-चार डीबीएम इकडचे तिकडे होतात, म्हणून यावरून फार काही ठासून सांगणार नाही. पण मोजमाप ज्याचं त्यालाच असलेलं बरं.

खालच्याला परकं आर्ट कायमचं राहणार. त्याच्या रेडिओची पॉवर भलत्याच मोजमापावर चालतेय हे मनात सलत होतं. ऑफिसातले दोन्ही कॉम्प्युटर केबलवर आहेत आणि वरच्याचं वायफाय जिन्यातून खाली नीट पोचतं. म्हणून खालच्याचं वायफाय सेटिंगमधून बंदच करून टाकलं.

खर्च : दुकानाचे ८००, प्रोग्रॅमर आणि क्लिप ४८०, अडॅप्टर ६०, फ्लक्स आणि टेप १३०. एकूण १,४७० रुपये, वेळ धरलेला नाही. एवढ्यात एक नवा राउटर आरामात आला असता, हे मामांनी दोनदा ऐकवलं. वरच्याची चिप न बदलता आधी टीएफटीपी करून पाहिलं असतं तर त्याचा खर्च फक्त लॅन केबलचा होता.

दोन्ही चिपांच्या पूर्ण फायली आणि वरच्याच्या आर्टचे ६४ केबी पेनड्राइव्हवर आहेत. नावात मॅकचे शेवटचे चार अंक घातलेत. उडालेल्या लेबलाच्या जागी खालच्या राउटरवर कायम शाईने मॅक आणि पिन लिहून वरून पारदर्शक टेप लावली, आणि राउटर खिडकीतून उचलून कपाटाच्या बाजूला ठोकला.